न दिसणारे दुखणे

खांद्यापासून पोटरीपर्यंत कुठेही बोट ठेवले तरी दुखते, आणि रक्त, लघवी, एक्स-रे सगळे चांगले येते, अशी बाई घरात असली म्हणजे त्या घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, बाहेरचे काही लागले आहे, उतारा करा. दुसरा म्हणतो, कापूस वेचायला नको म्हणून सोंग आहे. मी अशी बाई आहे. सासर चोपडा तालुक्यात, माहेर शिंदखेडा तालुक्यात. घरी पाच एकर, त्यात कापूस आणि थोडी केळी. दुखणे 2016 च्या वेचणीनंतर लागले आणि अजून आहे. तेव्हा ‘मी कशी बरी झाले’ हे सांगणारा हा लेख नाही. दुखणे घेऊन आम्ही काही जणी दर शनिवारी एकत्र बसतो, त्याची ही हकीकत आहे.

हे दुखणे कसे असते ते आधी सांगते. सकाळी उठावे तर रात्रभर कोणी खळ्यावर घालून मळल्यासारखे अंग. सात तास झोपले तरी झोप झाली असे वाटत नाही. कोणी ताट आपटले तर तो आवाज डोक्यात घुसतो. दुधाचा हिशेब बोटावर असायचा, तो मध्येच सुटतो. सासूबाई विचारायच्या, “आज काय दुखस व माय?” मी म्हणे, “बठ्ठंच दुखस.” त्या चांगल्या स्वभावाच्या, पण ‘बठ्ठंच’ या उत्तराला त्यांनी तरी काय करावे? गुडघा म्हटले असते तर तेल तरी लावले असते.

तीन वर्षे सुया आणि सलाईन झाले. आपल्याकडे अंग दुखले की बाटली लावतात. बाटली लागली म्हणजे दवाखाना झाला असे घरच्यांनाही वाटते. एका बाटलीचे तीनशे रुपये. दोन दिवस बरे वाटायचे, कारण दोन दिवस घरचे आराम करू द्यायचे. हे माझे मत आहे, डॉक्टरांचे नव्हे.

2019 च्या जानेवारीत भावाने मला धुळ्याला नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला अर्धा तास सुईला हात लावला नाही. कुठेकुठे दुखते, किती महिने झाले, झोप कशी, पोट कसे, घरात काय चालले आहे, सगळे विचारले. थायरॉईड, साखर, रक्तातले लोह, संधिवाताची तपासणी, हे सारे करून घेतले. मग म्हणाल्या, “ताई, याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. हे सोंग नाही, आणि यात सांधे झिजत नाहीत, एवढे मात्र विसरू नका.”

मला ते समजले ते झटका मशीनवरून. रानडुकरासाठी आपण शेताला तार ओढतो. मशीन ठीक असले तर जनावर लागले तरच घंटा वाजते. पण तेच मशीन बिघडून फार नाजूक झाले तर वाऱ्याने गवताचे पाते तारेला टेकले तरी वाजू लागते. शेतात डुक्कर नसते. घंटा मात्र खरीच वाजत असते. या आजारात मज्जातंतू आणि मेंदू दुखण्याची खबर अशी वाढवून सांगतात. म्हणून एक्स-रेत काही सापडत नाही. शेतात डुक्कर शोधून काय उपयोग, बिघाड मशीनमध्ये आहे.

हे आजकालचे खूळ नाही. 1904 साली गॉवर्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने ‘फायब्रोसायटिस’ असा शब्द काढला, म्हणजे स्नायूंच्या धाग्यांची सूज. पुढे कळले की सूज नसतेच, आणि 1976 पासून आजचे नाव रुळले. 1990 साली अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांनी अंगावरचे 18 बिंदू ठरवले. त्यातले 11 दाबल्यावर दुखले तर हा आजार. 2010 पासून बिंदूंवर भिस्त राहिली नाही. किती ठिकाणी दुखते, थकवा किती, झोपेने ताजेपणा येतो का, आणि तीन महिने होऊन गेले का, हे पाहतात. जगभर शंभरात दोन ते चार माणसांना हा आजार असतो आणि त्यात बायका जास्त.

झोपेचे मला विशेष वाटते. 1975 साली कॅनडातल्या मोल्डोफ्स्की या डॉक्टराने आणि त्यांच्या सोबत्यांनी धडधाकट माणसांची गाढ झोप काही रात्री मुद्दाम मोडली, तर त्यांचेही अंग दुखू लागले. हे ऐकून मला आमच्या विहिरीची मोटर आठवली. लाईटची पाळी रात्रीची आली की आमचे हे बाराला उठून केळीला पाणी द्यायला जायचे, आणि ते परत येईपर्यंत माझा डोळा लागत नसे. साप-विंचवाची भीती. अशा किती रात्री गेल्या असतील! कॅनडात जे प्रयोग म्हणून केले ते खान्देशात घरोघरी चालते.

खेड्यातल्या अंगदुखीची मोजदाद आपल्या महाराष्ट्रातच झाली आहे. 1996 साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिगवण गावात घरोघर जाऊन चार हजारांवर मोठ्या माणसांना विचारले. शंभरातल्या अठरा जणांना सांधे, पाठ किंवा स्नायूंचे काही ना काही दुखणे होते. भिगवणला अठरा, तर कापसाच्या गावात पाच कोण आणि पन्नास कोण हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत मोजून पाहावे.

आमच्या शनिवारची सुरुवात दुखण्यावरून झालीच नाही, ती हप्त्यावरून झाली. बचतगटातल्या एका बाईचे तीन हप्ते थकले. गटाच्या बैठकीत सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. ती आधी काही बोलेना, मग रडत म्हणाली, की पैसे सलाईनला जातात, आणि आता एका ठिकाणी पुड्या मिळतात, त्या घेतल्या की चार तासांत अंग मोकळे होते, त्यासाठी कानातले मोडायचे ठरवले आहे. आमच्या आशाताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी तिचा चेहरा पाहिला, सुजून गोल झालेला. त्या म्हणाल्या, “पुडीवर औषधाचे नाव आहे का?” नव्हते.

अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड घातलेले असते. त्याने चार दिवस हुशारी वाटते. पुढे साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, अंगावर सूज येते. शिवाय बरेच दिवस घेतलेले असले तर एकदम बंद करूनही चालत नाही, डॉक्टरच्या देखरेखीत हळूहळू उतरवावे लागते. आशाताई तिला दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या, आणि सोबत मी गेले. कानातले वाचले. हप्ते गटाने सहा महिने पुढे ढकलले. त्यावर एकीने विरोध केला, तोही बरोबरच होता. तिच्या मुलाची फी भरायची होती.

त्या दिवसानंतर अंग दुखते असे म्हणणाऱ्या आणखी नऊ जणी निघाल्या. आशाताईंनी सगळ्यांना तपासायला पाठवले, आणि हे फार चांगले केले. कारण नऊपैकी दोघींना थायरॉईड निघाला. रोजच्या गोळीने त्या सुधारल्या. एकीच्या बोटांचे सांधे सुजत होते आणि सकाळी दोन तास मूठ वळत नव्हती. तो खरा संधिवात निघाला. त्याला वेळेवर औषध मिळाले नाही तर बोटे वाकडी होतात. तेव्हा मायबहिणींनो, अंगदुखी म्हणजे हाच आजार असे घरी बसून ठरवू नका. सांधा सुजतो, ताप येतो, वजन उतरते, हातापायाची ताकद जाते, असे काही असले तर आधी डॉक्टर, मग आमचा ओटा.

ओटा विठ्ठल मंदिराचा. शनिवारी संध्याकाळी, भाकरी टाकायच्या आधी. आम्ही आता अकरा जण आहोत. त्यात हा आजार असलेल्या चौघी आणि एस.टी.तून निवृत्त झालेले एक आप्पा. पुरुषांनाही हे होते, पण ते सांगत नाहीत. आप्पाही पहिले दोन महिने “मी आपला दर्शनाला आलो” असेच म्हणत होते. बाकीच्या सोबतीला येतात.

आमच्यात जी म्हातारी जिजी आहे तिने मोजमाप काढले: दुखणे आण्यांत सांगायचे. सोळा आणे म्हणजे उठवत नाही. बारा आणे म्हणजे स्वयंपाक होतो, शेत नाही. चार आणे म्हणजे आज सण. “बठ्ठंच दुखस” यापेक्षा हे पुष्कळ बरे. आमचे हेसुद्धा आता सकाळी विचारतात, “आज किती आणे?” आणि दहाच्या वर असले तर हंडा स्वतः उचलतात. आणे सांगून झाले की दुखण्याचे बोलणे बंद. कोणी कोणाला औषध सांगायचे नाही, आणि कोणाच्या सासूचे नाव काढायचे नाही. दुसरा नियम पाळणे जड जाते.

मग चालायचे. 2017 साली युरोपातल्या डॉक्टरांनी या आजारावरचे सगळे उपाय तपासले, तेव्हा सर्वांत ठाम शिफारस त्यांनी व्यायामाचीच केली. गोळ्या आहेत. रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलीन, शिवाय ड्युलोक्सेटिन, प्रेगाबालिन. काहींना त्यांचा उपयोग होतो, काहींना होत नाही. मला पहिलीने झोप आली. त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. पण “आम्ही दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?” असे प्रत्येक बाई म्हणते. त्याचे उत्तर असे की निंदणीत आणि वेचणीत तेच स्नायू वाकून तासन् तास ताणले जातात, आणि श्वास मोकळा होईल असे चालणे होत नाही. आम्ही विजेच्या खांबांवर मोजतो. पहिल्या महिन्यात एक खांब जाऊन परत. मग दोन. आज मी चौदा खांब जाते. चार आणे असले तरी चौदाच, वीस नाही. ही मेख आहे. अंग हलके वाटले त्या दिवशी बाई गोधड्या धुवायला काढते आणि पुढचे तीन दिवस पडून राहते. म्हणून दिवस चांगला असो की वाईट, काम ठरल्याएवढेच.

भाद्रपदात भुलाबाई बसल्या की चालण्याऐवजी गाणी आणि टिपऱ्या. 2010 साली अमेरिकेत 66 रुग्णांवर चिनी ताई-चीचा प्रयोग झाला होता. सावकाश हातपाय हलवत सगळ्यांनी मिळून करायचा तो व्यायाम, आणि त्याने दुखणे व झोप दोन्ही सुधारले. टिपऱ्या म्हणजे ताई-ची नव्हे, हे मला कळते. पण मिळून, तालावर, दमाने, हे तिन्ही त्यात आहेत. फुगडी मात्र आम्ही बंद ठेवली आहे. जिजी एकदा ऐकली नाही, ती आठवडाभर सोळा आण्यांवर होती.

कामाचीही फिरवाफिरव केली. उन्हाळ्यात पापड-कुरडया एकीच्या अंगणात मिळून. पीठ कुटणे, घाटा ढवळणे धडधाकट बायकांकडे. लाट्या, वाळत घालणे, मोजणे आमच्याकडे. मांड्यांची पोळी हातावर पसरून खापरावर टाकायची, त्यात खांदे भरून येतात. ते आता दोघी आळीपाळीने करतात. खरा पेच वेचणीचा आहे. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे हळू वेचणारीला टोळीत कोणी घेत नाही, आणि घेतले तरी तिचे पैसे बुडतात. आम्ही आठ जणींची आपली टोळी केली. दुखणेकरीण झोळी अर्धी भरताच रिकामी करते, दर तासाला उभी राहून पाठ सरळ करते, आणि वजन-गठडीचे काम तिच्याकडे. पैसे सारखे वाटतो. यावरून भांडण झाले, दोघी सोडून गेल्या. राहिलेल्या सहा आहेत. वाटणी न्याय्य आहे का, हा प्रश्न अजून दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास निघतो.

एकदा आम्ही नवऱ्यांना बोलावले. उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी ताईंनी त्यांना झटका मशीनचीच गोष्ट सांगितली. एक आबा उठून म्हणाले, “बैलाला खांदा आला तर आपण जू ठेवत नाही. पण तो डोळ्याला दिसतो हो. हे दिसत नाही, मग माणसाने कसं वळखावं?” कोणी हसले नाही. ताई म्हणाल्या, “आबा, विचारून.” त्या दिवशी एवढेच झाले. दोन घरांत फरक पडला, बाकी घरांत नाही.

12 मे हा दिवस जगात या आजाराचा म्हणून पाळतात. 1820 साली त्या दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल जन्मल्या. क्रिमियाच्या लढाईत शिपायांची सेवा करून परतल्यावर त्या स्वतः वर्षानुवर्षे अंथरुणावर होत्या आणि तिथूनच दवाखान्यांचे हिशेब व आराखडे लिहीत राहिल्या. परदेशात लोक त्या दिवशी जांभळी फीत लावतात. आमच्या सोयीचा दिवस आखाजीचा. 2024 साली आखाजी 10 मेला आली, दोन्ही जवळच पडले. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. चार दिवस कोणी कामाला हात लाव म्हणत नाही. त्या वर्षी आलेल्या मुलींपैकी एक सुरतेत राहते, घरी साड्यांना लेस लावते. तिने ओट्यावर आमचे आणे ऐकले आणि झोक्यावरून उतरून विचारले, “काकू, मानेपासून कंबरेपर्यंत असलं तर तेही आण्यांतच सांगायचं का?”

तिला आम्ही आधी तपासायला पाठवले. सुरतेत विजेचे खांब तिच्या गल्लीत नाहीत, तारा जमिनीखालून आहेत. ती दुकाने मोजते. शनिवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. फोन ओट्यावर मध्ये ठेवतो आणि तिची पाळी आली की ती आपले आणे सांगते. मागच्या शनिवारी सात होते, दुकाने नऊ.