टायबरकाठच्या मोंतोने गावास



हे पत्र तुझ्या वेशीबाहेरच्या बसथांब्यावर सुरू केलं, कारण तिथे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. खांबावरच्या वेळापत्रकात जवळजवळ प्रत्येक गाडीपुढे ‘फेरियाले’ छापलेलं. ‘फेरिये’ म्हणजे सुट्टी, एवढं इटालियन मला येतं. तारीख होती 1 नोव्हेंबर, सर्व संतांचा सण. म्हणजे आज गाड्याच गाड्या, असा हिशेब करून मी निवांत बसले. दीड तासाने पेरुजात शिकणाऱ्या भाच्याला फोन केला. तो आधी पोटभर हसला. ‘मावशी, फेरियाले म्हणजे कामाचा दिवस. आज कोणी येत नाही तुला न्यायला.’ सुट्टीच्या शब्दातून कामाचा दिवस काढणाऱ्या लोकांपुढे माझ्यासारखीने काय बोलावं!

तशी तुझ्याकडे येणारी माणसं आपापल्या गाड्यांनीच येतात. आमच्याकडच्या सहलींच्या बसेस फ्लॉरेन्सहून रोमकडे धावतात तेव्हा तू डाव्या हाताला, डोंगराआड राहतोस. पिसाचा मनोरा हाताने सावरल्याचा फोटो झाला की त्या मंडळींची इटली संपते. मी वाट वाकडी करून आले ती वेगळ्या कामासाठी. ते काम सांगतेच, पण आधी तुझं गाव पाहिलं त्याबद्दल.

उंबेरतिदेहून टॅक्सी केली. खाली टायबर, तुमच्या तोंडी तेव्हेरे. रोममध्ये हीच नदी पाहिली होती, उंच दगडी भिंतींमध्ये कोंडलेली. इथे ती अजून खेड्यातली आहे. काठाला पॉपलरची झाडं, आणि सपाट शेतांमध्ये तंबाखू वाळवायच्या उंच इमारती. तुझा शेजारी चित्ता दी कास्तेल्लो, तिथले चित्रकार आल्बेर्तो बुर्री यांची अवाढव्य चित्रं अशाच जुन्या तंबाखूच्या कोठारांत लावलेली आहेत. बुर्री मूळचे डॉक्टर. युद्धात कैद होऊन टेक्सासच्या छावणीत गेले आणि तिथे चित्रं काढायला लागले. गोणपाट फाडून, शिवून, जाळून त्यांनी जे केलं ते पाहताना मला सारखी टाक्यांची आठवण येत होती, कापडावरच्या नव्हे, कातडीवरच्या.

तू बसला आहेस टेकडीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरला थोडा कमी. लोकवस्ती दीड-पावणेदोन हजार. मोंतोने म्हणजे एडका, आणि तुझी बसण्याची ढबही तशीच आहे, पाय रोवून, मान खाली घालून. आत शिरल्यावर दगडी गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून म्हातारी आली तर कोणी कोणाला वाट द्यायची याचा निकाल नजरेनेच लावावा लागतो. ती थांबली नाही. मी भिंतीला चिकटले.

तुझा लाडका पुत्र ब्राच्चो फोर्तेब्राच्चो. पैसे घेऊन लढणारा सेनापती, 1416 साली पेरुजाचा धनी झाला, 1424 साली लाक्विलाच्या लढाईत मेला. त्याची गढी पोपच्या हुकमाने 1478 मध्ये पाडली, तरी तिचे अवशेष तू अजून मिरवतोस. त्याच्या मुलाने, कार्लोने, व्हेनिसच्या चाकरीतून येशूच्या काटेरी मुकुटातला एक काटा 1473 साली तुला आणून दिला. अजूनही ऑगस्टमध्ये तीन पेठा त्यावरून जुने पोशाख घालून आपसात चुरस लावतात. ब्राच्चोवर माझा काही जीव बसला नाही. असे सरदार आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांचे वंशज तर विचारूच नकोस.

सान फ्रान्चेस्कोच्या जुन्या चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. तिथे मात्र पाय अडला. बार्तोलोमेओ कापोरालीने 1482 साली रंगवलेली मिरवणुकीची पताका. साथीच्या काळात असल्या पताका खांद्यावर घेऊन या भागातले लोक रस्त्यांतून फिरत. मरियम उभी आहे आणि तिने झगा दोन्ही बाजूंना पसरला आहे. त्याखाली तुझी माणसं, गुडघ्यावर, दाटीवाटीने. मी मनातल्या मनात त्याला पदरच म्हटलं. गावाने मागून मागून काय मागितलं, तर पदराखाली घे. मी बराच वेळ तिथे होते. रखवालदार बाई दोनदा खोकल्या.

बाहेर तुझी अरण्याची जत्रा भरली होती. चेस्टनट, मध, अळंबी, आणि काचेच्या घुमटाखाली ठेवलेलं पांढरं ट्रफल. वास घेऊ दिला, भाव विचारायची हिंमत झाली नाही. त्यापेक्षा एका मांडवात चाच्चा नावाच्या रोट्या भाजत होत्या तिथे उभी राहिले. पेरुजाकडे हिलाच तोर्ता आल तेस्तो म्हणतात, आणि नाव कोणतं खरं यावर तुम्ही भांडता, हे ऐकून फार घरच्यासारखं वाटलं. तेस्तो म्हणजे जाडजूड तवा. मांडवातल्या बाईंनी बोटभर जाडीचा गोल गोळा थापून त्यावर टाकला, काट्याने भराभर टोचला, पालटला. वर तपकिरी ठिपके उठले तसे कापून चतकोर केले, चतकोर मधून उघडला, आत परतलेली पालेभाजी भरली. पीठ गव्हाचं, पांढरंशुभ्र, तेव्हा भाकरीशी नातं जोडायचा मोह मी आवरला. पण बाईंनी पीठ मनगटाने पुसलं ना, ते अगदी माझ्या आजीचं.

आता कामाचं. मी महाडची. मुंबईला जाता-येता माणगाव लागतं. एसटी थांबते, वडापाव, चहा, पुन्हा गाडी. तिथे तहसील कचेरीपाशी एक सैनिकाचा पुतळा आहे. चाळीस वर्षांत मी तो नीट पाहिला नव्हता. तुझ्याकडे यायचं ठरलं तेव्हा मुद्दाम उतरून पाहिला, म्हणजे बघ, माणगावात उतरायलाही मला इटलीचं निमित्त लागलं.

नाईक यशवंत घाडगे. त्याच तालुक्यातल्या पळसगावचा, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतली सगळी माणसं मेली किंवा जखमी झाली, उरला तो एकटा. तो थेट मशीनगनवर धावला. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या, नवं मॅगझिन भरायला उसंत नव्हती. तेव्हा त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. काबीज केलेल्या त्या मोर्च्यातच तो गेला. वय 22. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. वेगळी कबर नाही, कासिनोच्या स्मारकावर हजारो नावांमध्ये त्याचं नाव आहे.

हे लिहिताना माझा हात जरा थबकतो. शौर्याच्या गोष्टी आम्हांला लहानपणापासून पाठ असतात, त्यामुळे बंदुकीचा दस्ता आणि माणसाचं डोकं यांच्यामधलं अंतर आम्ही सहज गिळतो. त्या जुलैमध्ये आमच्या साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध प्रतिसरकार चाललं होतं, आणि साताऱ्याहून सह्याद्री उतरलं की लागणाऱ्या कोकणातला हा मुलगा इंग्रजांच्या गणवेशात तुझी वाट मोकळी करत होता. ब्राच्चोने निदान आपली किंमत आपण ठरवली होती. यशवंताला कोणी विचारलं होतं? इटलीत पन्नास हजारांवर हिंदी सैनिक लढले, 5782 मेले. इटलीतल्या लढायांसाठी दिलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 हिंदी सैन्यातल्या जवानांना मिळाले. त्यांतला आणखी एक मराठाच, नामदेव जाधव, सेनिओ नदीकाठी, एप्रिल 1945 मध्ये. तो जिवंत परत आला.

दुपारी तुझ्या तटावर उभी राहून पाहिलं. ऑलिव्हची शेतं, ओकची राने, उतारावर एखादं दगडी घर आणि त्याला धरून सुरूची रांग. लोक याला निसर्गचित्र म्हणतात आणि ते खोटं नाही. पण खालून वर बंदूक घेऊन यायचं असेल तर इथे आडोसा फक्त ऑलिव्हच्या बुंध्याचा, आणि तो मांडीएवढाही नसतो. वरून मात्र सगळं दिसतं. तुझ्या पूर्वजांनी गाव इथे वसवलं ते दृश्यासाठी नव्हेच. भातखाचराच्या मुलखातल्या माणसाला हा उतार पहिल्यांदा पाहताना काय वाटलं असेल? माझ्या आजोळी पाऊस पडला की बांध फुटतो. इथली माती पायाखाली कोरडी, खडबडीत, जुलैमध्ये तर भाजत असेल.

तू जुलै 2023 मध्ये त्याचं स्मारक केलंस, इटलीतल्या लष्करी इतिहासकारांना बरोबर घेऊन. पुतळा नाही, तलवार नाही, सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. त्याच ऑक्टोबरमध्ये आमचे संरक्षणमंत्री येऊन नमन करून गेले. ज्या गावाकडे दाखवायला ब्राच्चोसारखा सेनापती होता, त्याने परक्या पलटणीतल्या नाईकाला जागा दिली, हे मला फार आवडलं. तशी एक कुरकुरही आहे. ‘एकाच सूर्याखाली’ हे म्हणायला सोपं आहे, कारण त्या सूर्याखाली कोणी घोड्यावर होतं आणि कोणी पायी.

खरं सांगायचं तर घड्याळ चाललंच नाही. सकाळी खोऱ्यात धुकं होतं, दुपारी ढग आले. सावलीच नाही, तर वेळ कुठली! मी अर्धा तास समोर थांबले. एक आजोबा कुत्रा घेऊन आले, मला पाहून आकाशाकडे बोट दाखवलं आणि खांदे उडवले. मी म्हटलं, इंदियाना, आणि स्मारकाकडे बोट केलं. ते थांबले. टोपी काढली नाही, काही बोलले नाहीत, कुत्र्याची दोरी तेवढी जवळ ओढून घेतली आणि माझ्याबरोबर उभे राहिले. मग कुत्रा कंटाळला.

संध्याकाळी बस नाहीच म्हटल्यावर त्या आजोबांनीच मला खाली उंबेरतिदेच्या स्टेशनपर्यंत सोडलं. वाटेत एका वळणावर गाडी हळू केली आणि डाव्या हाताच्या टेकडीकडे हनुवटीने खूण केली. ‘तेदेस्की,’ म्हणाले, म्हणजे जर्मन. मग उजवीकडे, नदीच्या अंगाला खूण केली. तो शब्द त्यांना सापडेना. मी म्हटलं, ‘मराठा.’ त्यांनी दोनदा म्हणून पाहिला, ‘ठ’ काही जमला नाही.

बसचं वेळापत्रक मी फोटो काढून घेतलं आहे. पुढच्या खेपेला जुलैमध्ये, कामाच्या दिवशी येईन.

कळावे, लोभ आहेच.

तुझी,
महाडची एक वाटसरू