पेन्शनीचा मुलूख

कल्याण सुटले, कर्जतची वाट उजव्या हाताला टाकून गाडी कसाऱ्याच्या रोखाने वळली, आणि दादरपासून अंगाला अंग लावून उभी असलेली गर्दी इतकी विरळ झाली की मला खिडकीपाशी बसून बाहेर निवांत पाहता आले. शहाडचा रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांचे विठ्ठलमंदिर मागे पडले, ज्येष्ठाच्या पहिल्या पावसाने गढूळलेले उल्हास नदीचे पात्र पुलाखालून सरकले आणि आंबिवली आली. इथल्या एन.आर.सी. कारखान्याने २००९ साली दरवाजे लावून घेतल्यावर कित्येक कुटुंबांवर अकालीच निवृत्ती ओढवली. पुढचे स्थानक टिटवाळा. हा लोहमार्ग फार जुना: १८५३ साली गाडी ठाण्याला आली, १८५४ साली कल्याणला, आणि १८५५ साली वाशिंदपर्यंत जाताना तिने टिटवाळ्याची शेते ओलांडली. त्या काळी घाटाच्या मोहिमेवर निघालेल्या इंजिनेरांना या गावात उतरण्याचे काही प्रयोजन नव्हते. आज मात्र मुंबईत ज्यांना उरलेले आयुष्य परवडत नाही, अशा किती तरी माणसांचा प्रवास इथेच संपतो.

तिथल्या महागणपतीचे दर्शन घ्यायचेच होते. पण या खेपेचे मुख्य प्रयोजन निराळे होते. नोकरीतून मोकळा झाल्यापासून परळच्या पागडीच्या खोलीत राहावे, की ती सोडून दूर एखाद्या स्वस्त गावी दोन खोल्यांचे हवेशीर घर करावे, हा विचार मला स्वस्थ बसू देत नव्हता, आणि आमच्याच चाळीतले जुने शेजारी, ज्यांना सारी चाळ अण्णा म्हणते, ते काही वर्षांपूर्वी टिटवाळ्याला जाऊन राहिल्यामुळे त्यांचा संसार डोळ्यांनी पाहून मगच निर्णय करावा असे मी योजले होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या, तशी गिरणगावातली माणसे डोंबिवली, कल्याण, बदलापूर, टिटवाळा अशी एकेक स्थानक मागे सरत गेली. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली ज्यांना पेन्शन मिळते, त्यांना २०१४ पासून दरमहा किमान १,००० रुपयांची हमी आहे, आणि एवढ्या रकमेत मुंबईत काय, कुठल्याच गावात म्हातारपण निभत नाही, हे कोणालाही सांगावे लागू नये.

उत्पन्न ठरलेले आणि आयुष्य अनिश्चित, अशा माणसाने मुलूख बदलणे ही रीत मात्र आपल्याकडे नवी नाही. मुक्तीच्या आशेने काशीला जाऊन राहणाऱ्या वृद्धांची परंपरा आपल्या कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आणि निवृत्तिवेतन घेऊन परमुलखात राहिलेला सर्वांत ठळक मराठी माणूस पाहायचा तर दुसऱ्या बाजीरावाकडेच बोट दाखवावे लागते: १८१८ साली राज्य गेल्यावर सालीना आठ लाख रुपयांच्या तनख्यावर तो गंगेकाठी ब्रह्मावर्तास जाऊन राहिला, आणि १८५१ साली त्याचे निधन होताच कंपनी सरकारने तनखा बंद केला. वेतन देणारा दूर बसलेला असला की त्याच्या मर्जीवर घेणाऱ्याचा सारा संसार टांगलेला राहतो.

आजच्या जगात हाच व्यवहार राष्ट्राराष्ट्रांत चालतो. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाने बँकेत आठ लाख बाथ ठेवले की थायलंड त्याला निवृत्तीचा परवाना देतो; अमेरिकेतली वृद्ध जोडपी घरभाडे वाचवायला मेक्सिकोत जाऊन राहतात. परंतु या लोकांच्या हिशेबातली खोच अशी, की अमेरिकेची पेन्शन सीमेपलीकडे पोचते आणि वृद्धांसाठीची ‘मेडिकेअर’ ही वैद्यकीय योजना बहुतांशी अलीकडेच थांबते. इंग्लंडची सरकारी पेन्शन घेऊन कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात गेलेल्या माणसाची तर दरसाल होणारी वाढच गोठते. पहिल्या दिवशी ठरलेल्या रकमेवर त्याला पुढचा सारा काळ काढावा लागतो. ठाणे जिल्ह्यातल्या एका स्थानकाला हे सारे लागू कसे पडेल असे वाटत होते, तोच टिटवाळा आले.

स्थानकाबाहेरच्या बाजारात आसपासच्या पाड्यांवरून आलेल्या बायका रानभाज्या मांडून बसल्या होत्या. मुंबईत सहसा न दिसणारी शेवळं, तपकिरी-जांभळ्या कोंबांच्या जुड्या बांधून, पळसाच्या पानांवर ठेवलेली, आणि शेजारी आंबट काकडांचा छोटा ढीग. मी दोन जुड्या उचलल्या, तेव्हा त्या बाईने न मागता मूठभर काकडं पिशवीत टाकली आणि बजावले, “काकडं घातल्याबिगर करू नको बाबा, घसा लय खाजंल.” भाव मुंबईच्या मानाने इतका माफक होता की घासाघीस करण्याची मला लाज वाटली.

देवळात गर्दी बेताची होती. कण्व ऋषींचा आश्रम इथे होता आणि विरहकाळी शकुंतलेने या गणपतीची आराधना केली अशी आख्यायिका आहे. तळ्याच्या गाळात मूर्ती सापडली आणि पेशव्यांनी देऊळ उभारले असेही सांगतात. अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते, पण एरवीच्या दुपारी सभामंडपात दहाबारा वृद्ध नित्यनेमाने येऊन बसतात. त्यांतला एक वरळीचा, एक नायगावचा, एक कुर्ल्याचा. त्यांच्या बोलण्यात मुंबईच्या चाळींचे क्रमांक अजून जिवंत होते.

अण्णांचे घर पश्चिमेला मांड्याच्या बाजूला. “या, या भावोजी, चाळ कशी आहे आमची?” म्हणत वहिनींनी शेवळं हातातून घेतली, आणि जेवण झाल्यावर अण्णांनी आपला रोजमेळ माझ्यासमोर उघडला. जन्मभर गिरणीच्या कचेरीत हिशेब लिहिलेल्या माणसाचे ते अक्षर: एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च, लाल शाईने मासिक बेरीज. भाडे, दूध, भाजी, वीज, साऱ्या रकमा बेताच्या. पहिल्या वर्षी दर महिन्याला शिल्लक. मग एका पानावर लाल शाई दाट झालेली.

“ती रात्र बघा,” अण्णा म्हणाले. “दोन वाजता छातीत कळ आली. शेवटची गाडी केव्हाच गेलेली. रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास, मग कल्याण.”

एका खासगी रुग्णालयात तीन दिवसांत सहा महिन्यांची बचत गेली. परळात असते तर १९२६ पासून गोरगरिबांची सेवा करणारे के.ई.एम. त्यांच्या दारापासून चालत दहा मिनिटांवर होते. त्या रात्रीनंतर वहीत ‘गाडी’ आणि ‘औषध’ अशी दोन नवी खाती उघडलेली मी पाहिली. तपासणीसाठी ते अजूनही पहाटेची लोकल पकडून परळलाच जातात. “डॉक्टर ओळखीचा आहे,” वहिनी म्हणाल्या, “आणि येताना चाळीत जाऊन येतात. तेच खरं औषध.”

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वहीत मिळाले. दूरच्या गावाची स्वस्ताई घराच्या भाड्यावरून ठरवू नये, रात्री दोन वाजता किती अंतरावर इलाज मिळतो यावरून ठरवावी. आणि हे अंतर कमी करणे एकट्या वृद्धाच्या हाती नाही. कल्याणपलीकडे दोनच मार्गिकांवर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल दोन्ही धावतात. तिसऱ्या मार्गिकेचे काम कित्येक वर्षे चालू आहे. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ साली झाली, टिटवाळा तिच्या हद्दीत आहे, आणि या हद्दीच्या टोकाला निवृत्तांच्या वसाहती वाढत असताना रात्रीचा अतिदक्षता विभाग आणि रुग्णवाहिका यांची तजवीज घरांच्या आधी व्हायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. गिरणी कामगारांना मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरे देऊ केली, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी ‘मुंबईतच द्या’ असा हट्ट का धरला, हेही मला त्या लाल शाईत उमगले.

तरीही अण्णा परत येणार नाहीत. हवा मानवली, देवळातली मंडळी जिवाभावाची झाली, आणि वहिनींना इथे खिडकीतून झाड दिसते, जे चाळीत चाळीस वर्षांत दिसले नाही. त्यांनी मला सल्ला दिला तो मी मानणार आहे: खोली सोडू नये, कारण पागडीची जागा एकदा गेली की पुन्हा हाती येत नाही, अकरा महिन्यांचा भाडेकरार करावा, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी करून नोंदवून घ्यावा, आणि राहून पाहायचे ते पावसाळ्यातच, कारण काळू नदी चढली की या गावाची खरी ओळख होते.

संध्याकाळी आम्ही दोघे मांड्यातल्या दोन इमारती पाहून आलो. एकीच्या तळमजल्यावर पुराच्या पाण्याची ओल भिंतीवर कंबरेइतकी चढलेली होती, म्हणून तिचा नाद सोडला. दुसरी स्थानकापासून पाच मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर, आणि खालीच एका डॉक्टरांचा दवाखाना. तिच्या मालकाला आषाढापासूनचे भाडे विचारून ठेवले आहे.