पाठभेद

माझी भाची पुण्याला एका प्रयोगशाळेत एच.आय.व्ही.च्या विषाणूची कुळे ओळखण्याचे काम करते. गेल्या दिवाळीत फराळाला आली, तेव्हा म्हणाली, "मामा, तुमचाच धंदा आहे हा. तुम्ही पोथ्यांचे पाठभेद लावता, आम्ही विषाणूचे."

मला मोठी मौज वाटली. हा विषाणू म्हणे सुमारे ९,७०० अक्षरांची पोथी. आणि तिची नक्कल होते ती एखाद्या धांदरट लेखकूच्या हातून व्हावी तशी! नकलेगणिक चुका. मग कूळ ओळखायचे कसे? १९९३ साली एक युक्ती निघाली. रुग्णाच्या विषाणूचा धागा ओळखीच्या कुळाच्या धाग्याशी गुंफायचा आणि जेलमधून पळवायचा. अक्षरे जुळली तर जोडी सरसर पुढे जाते. न जुळली तर धाग्याला कुबड येते आणि ती मागे रेंगाळते. आता मात्र सरळ अक्षरेच वाचतात व वंशवृक्ष मांडतात.

"पण हा खटाटोप कशासाठी?" मी विचारले.

"आपल्याकडे बहुतेक 'सी' कूळ, अमेरिकेत 'बी'. विषाणू मोजण्याच्या आरंभीच्या काही चाचण्या 'बी'वर बेतलेल्या होत्या. इतर कुळांचा विषाणू त्यांत कमी भरायचा."

मी मान डोलावली. हा रोग कपबशीने पसरत नाही, हेही मला पक्के ठाऊक होते. तरी ती उठून गेल्यावर मी तिचा कप हळूच मोरीपाशी वेगळा ठेवला.

हिने ते पाहिले. बोलली काही नाही. तोच कप विसळून तिने त्यात स्वतःचा चहा ओतून घेतला.