बिल्टीची पाठ

हुंडेकरी हा शब्द आता बहुतेकांना आडनाव म्हणूनच ठाऊक आहे. एकेकाळी तो व्यवसाय होता. माल ठरल्या ठिकाणी पोचवायचा आणि वाटेतील जकातीही आपणच भरायच्या, असा मक्ता एकरकमी भाड्यावर घेणारा तो हुंडेकरी. आजच्या फॉरवर्डिंग एजंटाचा पूर्वजच म्हणा. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत भाटककर्म, म्हणजे भाड्याने ओझी वाहण्याचा धंदा, येतो. त्यामुळे माल आपला आणि गाडी दुसऱ्याची, ही विभागणी आपल्या समाजाला नवी नाही. अटी मात्र गाडीवाल्याच्या असतात.

आंबेगाव तालुक्यातील लोणी-धामणीच्या पट्ट्यात गाडीवाचून दुसरा मार्गच नाही. आंबेगाव-जुन्नरला आजही रेल्वे नाही. कांदा-बटाटा बाहेर जातो तो ट्रकने, आणि दुकानात कापड, भांडी, औषधे येतात तीही ट्रकनेच. प्रत्येक खेपेची एक बिल्टी असते. तिच्या पुढच्या बाजूवरील नग, वजन आणि भाडे आपण वाचतो. पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत अटी असतात, आणि पुष्कळदा एक शिक्का : ‘ॲट ओनर्स रिस्क’, मालकाच्या जोखमीवर.

या शिक्क्याला आपण वाजवीपेक्षा अधिक भितो. माल हरवल्यास वा बिघडल्यास वाहतूकदाराचा निष्काळजीपणा मालकाने सिद्ध करावा लागत नाही, ही तरतूद १८६५ च्या कॅरियर्स ॲक्टमध्ये होती आणि त्याची जागा घेणाऱ्या २००७ च्या कॅरेज बाय रोड ॲक्टमध्येही आहे. खरे भय दुसरीकडे आहे. २०११ च्या नियमांनी भरपाईला मर्यादा घातली : भाड्याच्या दहापट, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीहून अधिक नाही. वाढीव जोखमीचा दर देण्याचे स्पष्टपणे कबूल केले असेल, तरच त्यापुढे जाता येते.

कांद्याच्या ट्रकला ही मर्यादा फारशी टोचत नाही, कारण मालाच्या मानाने भाडे मोठे. समजा, भाडे ६०,००० रुपये. तर मर्यादा सहा लाखांची. कापडाच्या गाठीचे गणित निराळे. भाडे ८०० रुपये, माल ९०,००० रुपयांचा. गाठ गहाळ झाली तर हाती येणार फार तर ८,०००.

त्यातही किंमत लिहिताना आपला हात आखडतो. त्याची कारणे आपणा सर्वांना ठाऊक आहेत, येथे सांगत बसत नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार लागोपाठ येतात. ठेव ठेवणारा विसरून कमी मागू लागला, तर ‘बरोबर आहे’ म्हणून तेवढीच परत करणे, हा न्यासापहार. पण येथे कमी आकडा आपणच लिहून दिलेला असतो. वाहतूकदाराने तेवढ्यावर बोट ठेवले, तर त्याला न्यासापहारी कसे म्हणावे? पहिला अतिचार आपल्याच दुकानात घडलेला असतो.

न्यायक्षेत्राच्या अटीची गोष्ट अधिक दिलासा देणारी आहे. तमिळनाडूतील बोडिनायकनूरच्या एका व्यापाऱ्याने वेलदोडे दिल्लीला पाठविले. तेथील गोदामात आगीत त्यांचे नुकसान झाले. दावा मुंबईतच चालेल, असे बिल्टीवर छापलेले होते, कारण वाहतूक कंपनीची मुख्य कचेरी मुंबईची. पटेल रोडवेज विरुद्ध प्रसाद ट्रेडिंग कंपनी या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट मानली नाही. ज्या शाखेत माल घेतला आणि जेथे दाव्याचे कारण घडले, तेथील न्यायालयाला अधिकार. छापील ओळीने तो मुंबईला नेता येत नाही. एवढ्या दूरच्या पेढीने हा प्रश्न शेवटपर्यंत लढविला, त्याचा लाभ आज मंचरच्या शाखेत माल बुक करणाऱ्यालाही आहे.

मुदतींकडे मात्र डोळेझाक करून चालत नाही. बहुविध वाहतुकीच्या कागदावर माल परदेशी धाडला, तर १९९३ च्या कायद्याप्रमाणे दावा नऊ महिन्यांत लावावा लागतो. नाशवंत माल पोचल्याची नोटीस मिळूनही २४ तासांत उचलला नाही, तर तो बेवारस धरता येतो. आणि रस्त्यावरील नुकसानीची लेखी नोटीस १८० दिवसांत द्यावी लागते; हे दिवस माल पोचल्यापासून नव्हे, बुकिंगपासून मोजतात. फोनवरची बाचाबाची नोटीस ठरत नाही. आमच्या पेढीवर प्रत्येक बिल्टीच्या कोपऱ्यात बुकिंगची तारीख लाल शाईने लिहितात, आणि तिच्याखाली १८० वा दिवस.