थंब द्यायच्या आधी

पुण्यात मुलींच्या ग्रुपला फ्लॅट मिळेपर्यंत चपला झिजतात. 'आम्हाला फॅमिलीच हवी' हे वाक्य ऐकून ऐकून पाठ होतं. त्यामुळे कर्वेनगरला टू बीएचके जमला तेव्हा आम्हा तिघींना कधी एकदा सामान आणतो असं झालं होतं. एजंटने रात्री व्हॉट्सॲपवर ॲग्रीमेंटची पीडीएफ टाकली आणि खाली लिहिलं, 'स्टँडर्ड आहे. उद्या अकराला नोंदणीसाठी थंब घ्यायला माणूस येईल.'

मी कळवलं, "दादा, दोन दिवस द्या, घरी वाचायला पाठवलंय." तो कुरकुरला, पण टोकन अजून आमच्याच हातात होतं.

माझा मामा साताऱ्याला वकिली करतो. तो म्हणाला, "भाडं, पत्ता नंतर बघ. आधी बाहेर पडायची कलमं काढ." ती वाचली आणि झोप उडाली. करार अकरा महिन्यांचा आणि लॉक-इनही अकरा महिन्यांचा. मध्ये सोडलं तरी उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायचं. आमच्यातली धुळ्याची मैत्रीण जानेवारीत इंटर्नशिपसाठी बंगळुरूला जायची शक्यता होती. त्याच्या खालच्याच कलमात भाड्याची जबाबदारी तिघींवर 'संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या' टाकलेली. मामाने फोड करून सांगितली: भाडं २४,००० आहे, पण तू तुझे आठ हजार देऊन मोकळी होत नाहीस. दोघींनी हात वर केले तर मालक पूर्ण रक्कम तुझ्याकडे मागू शकतो.

हे तिघींनी समोरासमोर बसून बोलणं भाग होतं. धुळ्याची दुखावली. "माझ्यामुळेच अडलंय ना सगळं?" म्हणाली. आम्ही तरीही पैशांचं सगळं त्याच रात्री वहीत लिहून काढलं: कोण कधी सोडेल, तिच्या जागी मुलगी कोणी शोधायची, नव्या कराराचा खर्च कोणाचा.

करारात बदल हवेत म्हटल्यावर एजंट म्हणाला, "एवढं कशाला, नोटरी करून टाकू, लगेच होईल." मामा तिथे ठाम राहिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: असा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. मुद्रांक शुल्क पाव टक्का, आमच्या बाबतीत साडेसातशेच्या आत. एवढ्यासाठी नोटरीवर कोणी राहू नये असं मला मनापासून वाटतं.

अकरा महिन्यांचंही तसंच. मुदत संपल्यावर राहिलं तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. जुलैत सुरू झालेला करार मेअखेर संपणार आणि आमची परीक्षा जूनमध्ये सरकली तर? अकरा महिने ठेवतात ते नोंदणी टाळायला; ती तशीही करायचीच असेल, तर अकराचा आग्रह धरायचं कारणच उरत नाही. आम्ही बारा महिने मागितले.

मालक काकांनी गॅलरीत बसवून सगळं ऐकून घेतलं. बारा महिने मान्य, लॉक-इन सहा महिन्यांवर, पुढे एका महिन्याची नोटीस आणि त्यांच्या संमतीने बदली मुलगी. 'रात्री पाहुणे नकोत' या अटीतून आईवडील आणि भावंडं वगळली. रंगकामासाठी डिपॉझिटमधून महिन्याचं भाडं कापायची अट मात्र त्यांनी निम्म्यावरच आणली. मला ती आजही पटत नाही. राहत्या घराची भिंत मळणारच.

शेवटी सामानाची यादी. पंखे चार, गीझर एक, असं छापलेलं होतं. मागच्या खोलीत खिडकीखाली ओल येऊन हातभर पोपडे सुटले होते, बाल्कनीची कडी तुटलेली होती. काकांच्या देखत फोटो काढले आणि दोन्ही गोष्टी यादीत लिहून घेतल्या. थंबच्या दिवशी आमच्यातल्या तिसरीचा, लातूरच्या मैत्रिणीचा अंगठा मशीन घेईना; रुमालाने पुसून पुसून एकदाचा लागला.

इंटर्नशिप पक्की झाली. धुळ्याचीने डिसेंबरच्या सुरुवातीला नोटीस दिली. तिच्या जागी आलेल्या मुलीने डिपॉझिटचे वीस हजार थेट तिच्या खात्यावर टाकले, नव्या कराराचा खर्च वहीत ठरल्याप्रमाणे सोडून जाणारीने दिला, आणि जानेवारीचं भाडं पुन्हा तिघींत वाटलं गेलं.