सोंगांचा खेळ आणि शृंगार

अलीकडे सुशिक्षित घरांतील तरुण मंडळींमध्यें एक बैठा खेळ रूढ होत आहे. त्याचें नांव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. वडील माणसांपैकीं पुष्कळांनीं तो पाहिला नसेल, म्हणून आधीं त्याचें स्वरूप सांगतें. पांचसहा जणांनीं मेजाभोवतीं किंवा सतरंजीवर बसावें. प्रत्येकानें एकेक सोंग घ्यावें, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी वैदू. आणि एकानें सूत्रधार व्हावें. सूत्रधार म्हणतो, “तुम्ही घाटाच्या माथ्यावर आलां आहां. समोर पडका किल्ला आहे, आंत एक दिवा दिसतो. काय करतां?” मग ज्यानें त्यानें आपल्या सोंगाच्या तोंडानें उत्तर द्यावयाचें, आणि केलेलें धाडस साधलें कीं फसलें तें वीस पैलूंचा फांसा टाकून ठरवावयाचें. यांत सोंगट्यांच्या खेळाप्रमाणें हारजीत नाहीं. गोष्ट मात्र महिनेच्या महिने चालते. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं १९७४ सालीं हा खेळ छापून प्रसिद्ध केला. त्याआधीं तिकडे लहान लहान पुतळ्यांचीं सैन्यें मांडून लढाया खेळण्याचा नाद होता. त्या सैन्यांतला एकच शिपाई उचलून त्याला नांव, स्वभाव आणि पूर्वायुष्य दिलें, कीं हा खेळ झाला.

मला स्वतःला तो आवडतो हें प्रथमच सांगून टाकतें. भिवंडीस ब्राह्मण आळींतल्या आमच्या घरीं रविवारीं दुपारीं माडीवर तो चालतो. रस्त्यापलीकडे यंत्रमागांचा खडखडाट, आणि वर आमचीं मुलें कुठल्याशा बर्फाळ डोंगरांत वाट चुकलेलीं! घरांत ज्यांच्या तोंडून “हो” आणि “नको” यांपलीकडे शब्द निघत नाहीं, तीं तेथें तास तास बोलतात, एकमेकांचे प्राण वांचवितात, राज्यें बुडवितात. पत्त्यांपेक्षां हें शतपटीनें बरें, असें मी जाऊबाईंना अनेकदां म्हटलें आहे.

प्रश्न निघाला तो गेल्या पावसाळ्यांत. खेळणारे सहा जण, सगळे कॉलेज संपविलेले किंवा संपवीत आलेले. त्यांत मुलगी एकच, माझी एकवीस वर्षांची पुतणी. तिनें रेवा नांवाच्या एका दर्यावर्दी बाईचें सोंग घेतलें होतें, आणि आठ महिन्यांत त्या रेवेला इतकें वाढविलें होतें कीं तिची आई थट्टेनें तिला “आमची धाकटी” म्हणे. सूत्रधार होता माझ्या थोरल्या पुतण्याचा एक मित्र. त्या रविवारीं गोष्टींतली सारी टोळी एका सरदाराच्या हातीं सांपडली. पुरुषांना तळघरांत टाकलें. रेवेला मात्र वरच्या महालांत नेलें. पुढें काय होतें तें सूत्रधार रंगवून सांगूं लागला आणि मध्येंच म्हणाला, “टाक फांसा, सुटतेस का पाहूं.” दोघे तिघे हंसले. पुतणीनें फांसा टाकला नाहीं. “चहाचें पाहतें,” म्हणून ती खालीं आली. मी स्वयंपाकघरांतच होतें. घांसून पालथे घातलेले कप तिनें पुन्हां घांसावयास घेतले. पुढचे दोन रविवार ती माडीवर गेली नाहीं.

एकत्र कुटुंबांत अशी गोष्ट झांकून राहत नाहीं. रात्रीं जेवणें उरकल्यावर ओटीवर वाद झडला. धाकटे भावजी, म्हणजे तिचे वडील, एका वाक्यांत मोकळे झाले: जेथें चावटपणा शिरला ती बैठक सभ्य घरांत नको, उद्यांपासून खेळ बंद. पुतण्या हिरीरीनें म्हणाला, “काका, शृंगार कालिदासाला चालतो, तेंडुलकरांना चालतो, मग आम्हांलाच कां नाहीं? बाई कल्पनेंतली, सरदार कल्पनेंतला. कोणाच्या केसाला तरी धक्का लागला का?”

मला दोघांचेंही पटलें नाहीं.

भावजींना मीं एवढेंच विचारलें कीं, याच माडीवर श्रावणांतल्या मंगळवारीं मंगळागौर जागविलेली त्यांना आठवते का. आमच्या सासूबाई सोंवळ्याच्या अत्यंत कडक. परंतु त्या रात्रीं झिम्मा-फुगड्या संपून सोंगें सुरू झालीं, कीं त्याच पदर खोंचून नवरा होत, कोणी सवत होई, कोणी विहीण. आणि मग जें बोलणें चाले तें पुरुषांच्या कानांवर कधीं गेलें नाहीं म्हणूनच घराची अब्रू शाबूत राहिली! नव्यानें लग्न होऊन आलेल्या पोरींना संसारांतल्या ज्या गोष्टी कोणी शिकवीत नसे, त्या तेथें हंसत खेळत समजत. शिमग्याचेंही तसेंच. होळीपासून रंगपंचमीपर्यंत ज्या तोंडाला लगाम नसे, तें षष्ठीला पुन्हां बंद. सोंग आणि शृंगार यांची सांगड आपल्याकडे नवी नाहीं. मात्र प्रत्येक ठिकाणीं कुंपण होतें: कोणत्या रात्रीं, कोणामध्यें, किती दिवस. शिमग्याचें कुंपण तितकेंसें चांगलें नव्हतें, हेंही खरें. तें बोलणाऱ्याच्या सोयीचें होतें, आणि ज्या बाईच्या दारासमोर बोंब ठोकली जाई तिला कोणी विचारीत नसे.

पुतण्याचा युक्तिवाद अधिक चतुर, म्हणून अधिक फसवा. पुस्तक वाचणारा पान मिटूं शकतो. नाटक पाहणारा उठून जातो. १९७२ सालीं ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आलें आणि सेन्सॉरपासून कोर्टापर्यंत केवढें वादळ झालें! परंतु लालन सारंगांना चंपा कोण, ती काय बोलते आणि तिच्यावर काय गुदरतें, हें संहितेंत आधीं वाचावयास मिळालें होतें, आणि तें वाचूनच त्यांनीं भूमिका घेतली होती. माडीवरच्या खेळाला संहिता नाहीं. तेथें प्रेक्षकही नाहींत. जो खेळतो तोच लेखक, तोच नट आणि तोच पाहणारा. आपल्या सोंगाच्या अंगावर पुढच्या वाक्यांत काय येईल हें बसणाऱ्याला ठाऊक नसतें, आणि तें वाक्य दुसराच कोणी उच्चारतो, तेंही डोळ्यांत डोळे घालून, “तूं” म्हणून. “रेवेला धरलें” असें नव्हे, “तुला धरलें” असें. अश्लीलतेचे आपले सारे खटले, मग ते र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्या’वरचे असोत कीं मर्ढेकरांच्या कवितांवरचा, वाचणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होईल या एका प्रश्नाभोवतीं फिरले. ज्या खेळांत वाचणारा असा कोणी वेगळा नसतोच, त्याला तो कायदा लावून काय उपयोग?

याहून जुना एक नियम मला अधिक उपयोगी वाटतो. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत शयन, चुंबन, आलिंगन हीं रंगभूमीवर दाखवूं नयेत असें सांगितलें आहे. (त्याच यादींत भोजन आणि जलक्रीडाही आहेत, आजच्या मराठी मालिकांतून जेवणाचें मेज काढलें तर उरेल काय, हा विचार मनांत येतोच.) परंतु त्यांनीं दिलेलें कारण पाहण्याजोगें आहे. या गोष्टी पाप आहेत असें ते म्हणत नाहींत. पिता, पुत्र, सून आणि सासू हीं सर्व नाटक एकत्र बसून पाहतात, म्हणून त्या वर्ज्य! म्हणजे दोष वस्तूंत नाहीं. शेजारीं कोण बसलें आहे यावर सारें अवलंबून. मम्मटानें कुमारसंभवांतल्या शिवपार्वतींच्या संभोगवर्णनावर आक्षेप घेतला तोही याच जातीचा: आपल्याच आईबापांचें तें वर्णन करण्यासारखें अनुचित आहे म्हणून. शृंगाराला रसराज मानणाऱ्या परंपरेनेंच ही मर्यादा घातली, आणि शाकुंतल त्यामुळें काडीचेंही उणें झालें नाहीं. दुष्यंत-शकुंतलेचा गांधर्वविवाह आपण पाहत नाहीं. पुढच्या अंकांत त्याचें फळ पाहतों.

गंमत अशी कीं, हा खेळ ज्यांनीं काढला त्या लोकांनाही फिरून फिरून याच ठिकाणीं यावें लागलें. पुतण्यानेंच मला हा इतिहास दाखविला. १९७९ सालच्या सूत्रधारांच्या पुस्तकांत, नगरांत हिंडतांना कोणत्या प्रकारची वारांगना भेटेल हें फांशानें ठरविण्याचें एक कोष्टकच दिलें होतें. खेळणारे बहुतेक पुरुष, तेव्हां तें कोणाला खटकलें नसावें. २००३ सालीं एका लहान कंपनीनें या खेळासाठीं निव्वळ कामविषयक ग्रंथ काढावयाचें जाहीर केलें. तेव्हां मूळ खेळाच्या मालकांनीं आपल्या बोधचिन्हाच्या परवान्यांत सभ्यतेची अट घातली, आणि तो ग्रंथ त्या चिन्हावांचून निघाला. त्याच वर्षीं रॉन एडवर्ड्स नांवाच्या खेळकर्त्यानें दोन शब्द रूढ केले: रेघ आणि पडदा. जी गोष्ट आमच्या खेळांत येणारच नाहीं तिच्यापुढें रेघ. जी गोष्टींत घडते पण वर्णन करावयाची नाहीं तिच्यावर पडदा. भरतमुनींना हें समजावून सांगावें लागलें नसतें! पुढें जॉन स्टॅव्रोपोलस या अमेरिकन गृहस्थानें याहूनही साधी युक्ति काढली. फुलीचें एक पान मेजावर ठेवावें. कोणीही त्याला बोट लावलें कीं चाललेला प्रसंग तेथेंच सोडावा, आणि कारण विचारूं नये. “कारण विचारूं नये” हें मला फार आवडलें. आपल्या घरांतून मुलींना नको म्हणतां येत नाहीं असें नाहीं. पण नको म्हटल्यावर तासभर साक्ष द्यावी लागते.

तरीही त्या रविवारीं माडीवर जें झालें त्याला शृंगार म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं. आपल्या ठाणे जिल्ह्यांत आणि साऱ्या कोंकणांत शिलाहारांच्या काळच्या शिळा सांपडतात, त्यांना गधेगाळ म्हणतात. वर चंद्रसूर्य, मध्यें राजानें दिलेल्या दानाचा लेख, आणि खालीं एक गाढव व एक स्त्री. चित्राचा अर्थ असा कीं, जो हें दान मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो. मीं पहिल्यानें अशी शिळा पाहिली तेव्हां संकोचानें मान फिरविली. पुढें विचार केला तेव्हां संकोचाहून रागच अधिक आला. दान राजानें दिलें, मोडणार दुसरा कोणी पुरुष, आणि शिक्षा भोगावयाची ती त्याच्या आईनें, जिचा या व्यवहाराशीं कांहींच संबंध नाहीं! त्या चित्रांत कामवासना नाहीं, धाक आहे. सरदाराच्या महालांतही धाकच होता. टोळी सगळी पकडली गेली. पण पुरुषांच्या सोंगांना बेड्या पडल्या, आणि बाईच्या सोंगाला महाल मिळाला. पुतण्याला मीं विचारलें, “तुझ्या जादूगाराला सरदारानें महालांत कां नाहीं नेलें?” तो प्रथम हंसला, आणि मग हंसावयाचा थांबला.

मीं पुतणीची समजूत घालतांना द्रौपदीचें नांव घेतलें. फांसे पडले आणि सभेंत एका बाईच्या पदराला हात गेला, ही कथा तिनें लहानपणीं माझ्याचकडून ऐकली होती. ती म्हणाली, “मोठी काकू, द्रौपदी निदान खेळत नव्हती. मी खेळत होतें. माझेच गडी होते ते.” यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

खेळ बंद करूं नका, असें तिनेंच भावजींना सांगितलें. आठ महिने वाढविलेली रेवा त्या महालांत टाकून देणें तिला मान्य नव्हतें. तिसऱ्या रविवारीं ती वर गेली आणि खेळ सुरू होण्याआधीं तिनें दिनदर्शिकेचें एक जुनें पान उलटें करून मध्यें ठेवलें. आपल्या गोष्टींत काय नको तें प्रत्येकानें लिहावें. कारण लिहूं नये. तिचें पहिलें वाक्य असें: ज्याचें सोंग त्याच्या संमतीवांचून त्या सोंगाच्या अंगाला वासनेचा हात लागणार नाहीं, आणि ही गोष्ट फांशानें कधींही ठरणार नाहीं. प्रेम, लग्न, मत्सर, विरह हें सगळें चालेल. खोलीचें दार लागलें कीं पडदा. मला वाटलें, पान एवढ्यावरच संपेल. पण ज्याच्या वडिलांचा मागांचा कारखाना आगींत गेला होता त्या मुलानें “आग” एवढाच शब्द लिहिला. दुसऱ्यानें लिहिलें, “हॉस्पिटल.” सूत्रधार झालेला मुलगा बराच वेळ पेन हातांत धरून बसला. त्यानें लिहिलें कीं कोणत्याही पात्राला तोतरें बोलावयास लावूं नये. लहानपणीं तो तोतरा होता हें माझ्या पुतण्यालादेखील ठाऊक नव्हतें. पुतणीपाशीं त्यानें क्षमा मागितली ती त्यानंतर, जिन्यांत, एकट्यानें.

पुतण्या अजून माझ्याशीं वाद घालतो. सगळे सज्ञान, सगळ्यांची खुशी, मग पडदा तरी कशाला, असें त्याचें म्हणणें. त्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. पण माडीवर चुलत भावंडें एकत्र बसतात आणि चहा घेऊन मी केव्हांही वर जातें. तेथें पडदा राहील. स्वतःचें घर झाल्यावर त्यानें काय करावें तें तो आणि त्याचे गडी पाहतील. भावजींचा राग उतरला आहे, परंतु खेळाचें नांव ते अजून घेत नाहींत. “ती तुमची रविवारची पूजा” असें म्हणतात.

रेवा महालांतून कशी सुटली तें सूत्रधारानें त्या दिवशीं पुतणीलाच सांगावयास लावलें. तिला त्याला दोन तास लागले. सुटतांना तिनें सरदाराचें गलबत नेलें, आणि तळघरांतल्या पुरुषांना सोडवावयास ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं आली.