काचेची कड

नवरात्र संपलं की दुकानातला फोन वाजायला लागतो. घराघरांत साफसफाई सुरू झालेली असते, अ‍ॅम्प्लिफायर आणि सीडी प्लेअर खाली उतरवून रॅक पुसायला काढलेला असतो, आणि काचेची एखादी फळी भिंतीला टेकवून ठेवता ठेवता तिचा खडीसाखरेसारखा चुरा झालेला असतो. "अहो, आपटली नाही हो, नुसती टेकवली होती," असं प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरंच असतं.

हाय-फायच्या रॅकला लागते ती टफन काच. साधीच काच आधी मापात कापतात, कडा घासतात, हवी ती भोकं पाडतात आणि मग भट्टीत 620 अंश सेल्सियसच्या आसपास तापवून हवेच्या झोतांनी झटकन निववतात. (फ्रान्सच्या द ला बास्तीने 1874 साली या तंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा काच तापलेल्या तेलात बुडवायचे.) बाहेरचा थर आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकसू पाहतो. परिणामी पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. अशी काच मधोमध साध्या काचेच्या चौपट-पाचपट मार खाते. पण कडेला किंवा कोपऱ्याला दाबाचा थर ओलांडून टवका उडाला, की आतला सगळा ताण एकदम सुटतो. आपल्याकडच्या व्हिट्रिफाइड टाइल्स काचेहून कठीण असतात. चार किलोची फळी एका कोपऱ्यावर अशा लादीवर उभी केली की तो सगळा भार एका बिंदूवर येतो. म्हणून फळी काढली की ती सतरंजीवर किंवा पलंगावर आडवीच ठेवायची.

क्वचित कुणी हात न लावताही फळी फुटते. काच बनताना निकेल सल्फाइडचा अगदी बारीक कण आत राहिलेला असतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू फुगत जातो आणि एके दिवशी काच फोडतो. कारखान्यात तयार काच पुन्हा 290 अंशांच्या आसपास तापवून अशा सदोष काचा आधीच फोडून टाकता येतात. पण रॅकच्या एका फळीसाठी ही चाचणी सहसा कुणी करत नाही. त्यापेक्षा फळीच्या खालच्या बाजूला सेफ्टी फिल्म लावून घ्यावी, म्हणजे चुरा खालच्या यंत्राच्या जाळीतून आत जात नाही.

गिऱ्हाइकांचा सर्वांत पक्का गैरसमज असा, की टफन काच लवत नाही. लवते. टफन केल्याने काचेची ताकद वाढते, ताठपणा जिथल्या तिथे राहतो. 6 मिलिमीटरची फळी 20 किलोच्या अ‍ॅम्प्लिफायरखाली जितकी लवेल तितकीच लवणार, मग ती साधी असो की टफन. ताठपणा हवा तर जाडी वाढवा, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: 6 ऐवजी 8 मिलिमीटर घेतली तर सुमारे 2.4 पट, 10 घेतली तर 4.6 पट. वजनही वाढतं. 500 बाय 400 मिलिमीटरची फळी 8 मध्ये चार किलोची होते, 10 मध्ये पाच. सांगाडा जुना, वेल्डिंग केलेला आणि बारीक पाइपचा असेल तर मी 8 वरच थांबतो.

नवीन फळी सांगताना कागदावर आकडे लिहून देऊ नका. फुटलेल्या फळीचा नमुना उरलेला नसतो, म्हणून दुसरी फळी हार्डबोर्डवर ठेवून आकार उतरवा, कोपऱ्यांची गोलाई आणि वायरींसाठीची खाच यांसकट. खाचेचे आतले कोपरे काटकोनी नकोत, गोलच हवेत. ताण तिथेच साठतो. भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नसावा. ही सगळी कामं भट्टीत जाण्याआधीची. टफन झालेली काच ना कापता येते, ना तिला भोक पाडता येतं. "जरा दोन मिलिमीटर घासून द्या ना," असं लोक मला नंतर सांगतात, आणि मी नवी फळी मागवतो. सांगाड्याच्या आत बसणारी फळी असेल तर प्रत्येक बाजूला दोनेक मिलिमीटर मोकळे ठेवा. कडेला लोखंड लागता कामा नये.

खरी देखभाल असते ती काचेखालच्या रबरी टिकल्यांची, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. दोन-चार हजारांची वायर आणणारा माणूस दगड झालेल्या टिकल्यांवर वर्षानुवर्षं फळी ठेवतो. टिकली कडक झाली किंवा एका कोपऱ्यातली गळून पडली, की फळी तीनच जागी टेकते आणि खालच्या सुरांना किणकिणू लागते. मग दोष स्पीकरवर जातो. समुद्राजवळच्या घरांत खालच्या स्पाइकचे आटेही गंजतात आणि पाणसळीत आणलेला रॅक पुन्हा हलवता येत नाही. आट्यांना थोडं ग्रीस लावून ठेवलेलं बरं. टिकली काचेला चिकटून बसली असेल तर पात्याने खरवडू नका. हेअर ड्रायरने कोमट करून मासेमारीची नायलॉन दोरी खालून ओढली की ती सुटते. पुसायला भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी पुरतं. ते कापडावर घ्यायचं, काचेवर फवारायचं नाही. फळीच्या मागून काळा रंग दिलेला असेल तर त्या बाजूला स्पिरिट लावू नका.

टर्नटेबल असेल तर वरची फळी काचेची नकोच, असं माझं ठाम मत आहे. काच नाद धरते आणि सुई तो उचलते. सीडी प्लेअरला फारसा फरक पडत नाही, व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला मात्र पडू शकतो. काचच हवी असेल तर मध्ये पीव्हीबीचा पडदा असलेली लॅमिनेटेड घ्या. तिचा नाद लवकर मरतो, फक्त ती त्याच जाडीच्या एकसंध काचेहून थोडी जास्त लवते. मी मात्र तिथे 18 मिलिमीटरचं बर्च प्लायवूड लावून देतो. "मग रॅक शोभत नाही हो," अशी तक्रार येते. पण टर्नटेबल ठेवल्यावर त्या फळीचा चार बोटांचा काठ तेवढा दिसतो, आणि त्याला काळं पॉलिश मारून मिळतं.